ऊसबिलाच्या पैशात मुंबईकडे फ्लॅट घ्यावा का?





ऊस विकास अधिकाऱ्याने बेण्यावर लिहावे, खताच्या मात्रेवर लिहावे, फार तर हुमणीवर लिहावे, अशी आपली समजूत असते आणि ती चुकीची नाही. पण गेली काही वर्षे गटावर फिरताना बांधावर जे प्रश्न येतात त्यांतला एक उसाचा नसतो. "साहेब, पोरगं मुंबईला कामाला आहे. आसनगावला बिल्डिंगी होताहेत म्हणं. यंदाच्या बिलातनं बुकिंग करून टाकावं का?" विचारणारे एकदोघे नाहीत. कुणी मुलासाठी विचारतो, कुणी नुसता पैसा गुंतवायचा म्हणून विचारतो.

या विषयावर मी लिहावे याला दोन कारणे आहेत. एक तर माझे मूळ गाव शहापूर तालुक्यात, आसनगावच्याच बाजूला आहे. डिप्लोमा करून नोकरीसाठी घाटावर आलो, पण तिकडचे रस्ते, पाणी आणि माणसे मला ठाऊक आहेत. दुसरे कारण असे, की फ्लॅटला जाणारा पैसा शेवटी उसातूनच जातो. ठिबक पुढच्या वर्षी बघू, बेणे घरचेच वापरू, माती तपासणीला काय घाई आहे, असे सुरू होते. म्हणून हा विषय माझ्या खात्याचाच आहे असे मी समजतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. कुटुंबाला राहायला घर हवे असेल तर जरूर घ्यावे, पण तयार घ्यावे, कागद बघून घ्यावे आणि जमीन न विकता घ्यावे. केवळ गुंतवणूक म्हणून, बांधकाम चालू असलेला फ्लॅट ऊसबिलाच्या भरवशावर घेऊ नये. कारणे पुढे देतो. पटतील ती घ्या, न पटतील ती गट ऑफिसात येऊन मला सांगा.

मुंबईचे आणि आपले जुने नाते

ज्या घरातून कोणीच मुंबईला गेले नाही असे घर आपल्या भागात शोधावे लागेल. आपल्या आज्या-पणज्यांतले कितीतरी जण लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, वरळी या भागांत गिरणीत लागले. गावाच्या नावाची एक खोली, तीत पाळीपाळीने झोपणारी माणसे, खानावळ आणि महिन्याची मनिऑर्डर असा तो गिरणगावचा संसार होता. त्या मनिऑर्डरीवर गावाकडे विहिरी खणल्या गेल्या, पाइपलाइनी झाल्या. काहींच्या घरचा कारखान्याचा पहिला शेअरसुद्धा त्याच पैशातून आला. म्हणजे पैसा मुंबईहून गावाकडे येत होता. आज तो गावाकडून मुंबईकडे जाऊ लागला आहे. हा उलटा प्रवाह आहे, आणि तो कशामुळे झाला हे समजून घेतले पाहिजे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्यानंतर गिरण्या पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. मग किंमत राहिली ती गिरणीच्या खालच्या जमिनीला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत अशा जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे करायचे ठरले होते. एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. त्यामुळे लोकांचा वाटा फार कमी झाला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. त्याच सुमारास, २००५ मध्ये, दादरच्या कोहिनूर गिरणीची जागा लिलावात ४२१ कोटींना गेली. जमिनीला एवढा भाव मोजणारा त्यावर स्वस्त घर कशाला बांधील? आज परळ-लालबागच्या नव्या मनोऱ्यांतल्या फ्लॅटची किंमत कोटींतच सांगतात, ती यामुळे.

मग तिथे नवे घर सामान्य माणसाला मिळालेच नाही का? मिळाले, पण ज्याचा तिथे आधीपासून हक्क होता त्याला. वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. तिथल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या इमारतींत ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या माणसांचा तो आनंद रास्तच आहे. पण ती घरे बुकिंग करून मिळालेली नाहीत, ताबा सोडला नाही म्हणून मिळाली. गिरणी कामगारांसाठी म्हाडाने २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत काढली, अर्जदार मात्र लाखाच्या वर होते. पुढे शेलू आणि वांगणीला घरे देण्याची योजना आली, तेव्हा "आम्हाला मुंबईतच घर द्या" म्हणून जुलै २०२५ मध्ये कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले होते. ज्यांनी ती मुंबई उभी केली त्यांनाच रेल्वेच्या रुळाने बाहेर जायला सांगितले जाते, तिथे तुमच्या-माझ्या बिलाची काय कथा!

आसनगावात काय आहे, काय नाही

मध्य मुंबई परवडत नाही म्हणून नजर लोकलच्या रुळावरून पुढे सरकत जाते. ठाणे, डोंबिवली, कल्याण, मग शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वासिंद आणि आसनगाव. शहापूरचे स्टेशन ते हेच. आकर्षण खोटे नाही. लोकल आहे, मुंबई-नाशिक महामार्ग आहे, माहुलीच्या डोंगराची हवा आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, तोही शहापूर तालुक्यातूनच जातो. तेव्हापासून जाहिरातीचे फलक आणखी वाढले.

पण फलकावर जे लिहीत नाहीत तेही ऐका. आसनगाव छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ८५ किलोमीटर आहे. लोकलने दोन तासांच्या आसपास लागतात. कल्याणपर्यंत जितक्या गाड्या आहेत तितक्या पुढे कसाऱ्याकडे नाहीत, त्यामुळे एक गाडी चुकली की दुसरीची वाट बघत फलाटावर उभे राहावे लागते. "स्टेशनपासून पाच मिनिटे" असे फलकावर असते, पण स्टेशनपासून पोराच्या कामाच्या ठिकाणापर्यंत किती मिनिटे ते कोणी लिहीत नाही. कल्याणपुढच्या तिसऱ्या मार्गाचे काम अनेक वर्षे चालले आहे. मुरबाडला रेल्वे येणार असे सांगून तिकडे जागा विकणारेही भेटतात. रेल्वे मंजूर होणे वेगळे आणि गाडी धावणे वेगळे. घर घ्यायचे ते धावणाऱ्या गाडीवर घ्यावे, येणाऱ्या गाडीवर नव्हे.

दुसरी गोष्ट पाण्याची. मुंबईची तहान भागवणारी भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक गाव-पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. हे मी लहानपणापासून बघत आलो आहे. तुम्ही ऊसवाले. विहिरीला मे महिन्यात पाणी किती राहते हे बघितल्याशिवाय लागण करीत नाही. मग फ्लॅट घेताना पावसाळ्यात हिरवागार डोंगर बघून सही कशी करता? मे महिन्यात जा. शेजारच्या आधी झालेल्या इमारतीत जाऊन तिथल्या बायामाणसांना विचारा, नळ किती वेळ येतो, बोअर आहे की टँकर, टँकरचे पैसे महिन्याला किती पडतात. त्या खरे सांगतील. विक्री ऑफिसातला टायवाला सांगणार नाही.

हिशेब पावतीसारखा मांडू

आता आकडे घेऊ. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमचे घालून बघा. रीत मात्र हीच ठेवा.

समजा फ्लॅट २८ लाखांचा. मुद्रांक शुल्क, नोंदणी, जीएसटी, वकील, वीजमीटर, सोसायटीची आगाऊ वर्गणी असे मिळून आणखी २ लाख धरा. एकूण ३० लाख. पैकी १० लाख घरचे आणि २० लाख बँकेचे. व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षे. महिन्याचा हप्ता येतो सुमारे १८,००० रुपये. वर्षाचे झाले २ लाख १६ हजार. वीस वर्षांत बँकेला परत जातात ४३ लाखांच्या वर.

आता येणे बघू. भाडे महिना ७,००० धरले तर वर्षाचे ८४ हजार. त्यातून सोसायटीची देखभाल महिना २,००० प्रमाणे २४ हजार वजा. भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामे, ७ हजार वजा. घरपट्टी, रंग, नळदुरुस्ती ५ हजार वजा. राहिले ४८ हजार. ३० लाखांवर ४८ हजार म्हणजे शेकडा १ रुपया ६० पैसे. बँकेतली मुदत ठेवसुद्धा याहून पुष्कळ जास्त देते. शिवाय उसाचे उत्पन्न शेतीचे म्हणून प्राप्तिकरातून मोकळे आहे, भाड्याचे उत्पन्न मोकळे नाही. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

हप्ता २ लाख १६ हजार, हातात भाडे ४८ हजार. तूट १ लाख ६८ हजार. ती कुठून भरायची? उसातून. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये होती. तोडणी-वाहतूक वजा जाता हातात २,७०० पडले असे समजू. १ लाख ६८ हजारांना ६२ टन ऊस लागतो. एकरी ४० टन धरले तर दीड एकर. म्हणजे दीड एकर ऊस दरवर्षी, ओळीने वीस वर्षे, नुसत्या तुटीपायी जाणार. आणि त्या दीड एकराचे खत, मशागत, पाणीपट्टी तुमच्याच अंगावर. मला विचाराल तर आपण आपल्या शेताचा दीड एकर वीस वर्षांच्या खंडाने बँकेला दिला, आणि खंडही आपणच भरतो आहोत.

"पण साहेब, किंमत वाढतेय की!" वाढते, मी नाही म्हणत नाही. पण वाढते ती मुख्यतः जमिनीची किंमत. इमारत दरवर्षी जुनीच होत असते. परळला भाव चढले कारण तिथे नवी जमीन निर्माण होत नाही. आसनगावच्या भोवती मात्र अजून माळ मोकळे आहेत. तुम्ही दहा वर्षांनी जुना फ्लॅट विकायला काढाल तेव्हा समोरच नवी कोरी इमारत लिफ्ट आणि बगीचा दाखवत उभी असेल. गिऱ्हाईक आधी तिकडे जाईल. मध्य शहरातल्या घराचा वाढीचा दाखला देऊन गावाबाहेरचा फ्लॅट विकणे म्हणजे आडसालीचा उतारा दाखवून खोडव्याचा अंदाज सांगण्यासारखे आहे.

हप्ता महिन्याचा, ऊस वर्षाचा

माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. नोकरदाराचा पगार महिन्याला येतो, म्हणून महिन्याचा हप्ता त्याला झेपतो. आपला सुरू ऊस बारा महिन्यांनी तुटतो, आडसाली सोळा-अठरा महिन्यांनी. तोड लांबली, टोळी आली नाही, पावसाने रान वाफशावर आले नाही, असे काहीही झाले की पैसा महिना-दोन महिने पुढे जातो. बँकेची तारीख मात्र पुढे जात नाही. हप्ता नव्वद दिवस थकला की खाते थकीत धरतात. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला तारण मालमत्ता जप्त करून विकता येते. त्या कायद्यातून शेतजमिनीला सूट आहे, फ्लॅटला नाही, हे ध्यानात ठेवा.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत तर दुहेरी ताण असतो. एकेक स्लॅब पडला की पैसे मागतात, उचललेल्या रकमेवर बँकेचे व्याज सुरू होते, आणि पोरगा तिकडे भाड्याच्या खोलीत राहून भाडेही भरत असतो. ताबा दोन वर्षे लांबला तर हे दोन्ही खर्च दोन वर्षे चालतात.

काहीजण विकास सोसायटीचे पीककर्ज उचलून बुकिंगचे पैसे भरतात. हे तर अजिबात करू नका. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर राज्याच्या योजनेत व्याज पडत नाही. इतका स्वस्त पैसा दुसरा मिळत नाही. तो पिकासाठी आहे. तो फ्लॅटमध्ये अडकला की खत उधारीवर येते, सोसायटी थकते आणि व्याजाची सवलतही जाते.

जमीन विकून घर नको

काही घरांत याच्या पुढची चर्चा चालते. दोन एकर काढू आणि एकदम रोखीने ब्लॉक घेऊ, असे म्हणतात. आमच्या शहापूरकडे हे मी जवळून पाहिले आहे. भातखाचरे गेली, वरकस गेले, पैसे आले. त्या पैशाची गाडी झाली, लग्ने झाली, घराला फरशी झाली. दहा वर्षांनी त्याच खाचरावर उभ्या राहिलेल्या इमारतीत त्या घरचा मुलगा रखवालीला उभा असतो. कुणाला हिणवायला हे लिहीत नाही. पैसा ठेवणे जमिनीइतके सोपे नसते, एवढेच सांगायचे आहे.

आपल्याकडे कूळकायद्याप्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. सातबारावरचे नाव पुरते गेले तर पुन्हा शेतकरी होण्याची वाट बिकट असते. ऊस पिकवणारा सभासद म्हणून कारखान्यात जो मान आणि मत आहे, तेही रानाच्याच जोरावर आहे. आणि घरातली बाई, जिने तुमच्याबरोबर लागण केली, खुरपले, तिला न विचारता जमिनीचा सौदा करणे हा सरळ अन्याय आहे. सह्या घ्यायच्या वेळी तिला बोलावता, ठरवायच्या वेळीही बोलवा.

घ्यायचाच असेल तर कागद बघा

इतके सांगूनही काहींना घर लागणारच आहे. मुलाची नोकरी कायम आहे, सून कामाला जाते, नातवंडांची शाळा आहे. त्यांच्यासाठी पुढच्या गोष्टी कात्रण करून ठेवाव्यात.

१) महारेराची नोंदणी. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरे आठपेक्षा जास्त असतील तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची आहे. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही छापावा लागतो. मुलाच्या मोबाइलवर तो उघडून ताब्याची तारीख, मंजूर मजले आणि चालू खटले बघा.

२) नुसत्या नोंदणीवर विसंबू नका. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, कल्याण-डोंबिवलीत, खोट्या बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण गाजले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. आत राहणाऱ्यांनी कर्ज काढून घरे घेतलेली होती. म्हणून बांधकाम परवानगीची प्रत ज्या कार्यालयाने दिली त्याच कार्यालयात जाऊन खरी आहे का ते विचारा.

३) जमिनीचा सातबारा, जुने फेरफार आणि बिगरशेतीचा आदेश. शहापूर-मुरबाडकडे आदिवासी खातेदार पुष्कळ आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे त्यांची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. मूळ व्यवहारच कच्चा असेल तर वरचा फ्लॅटही कच्चाच. तुमच्या स्वतःच्या वकिलाकडून शोध अहवाल घ्या, बिल्डरच्या वकिलाकडून नव्हे.

४) करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका. कायदाच तसा आहे. "आज भरा, करार दिवाळीनंतर करू" म्हणणाऱ्याला हात जोडा आणि गाडीत बसा. रोखीने तर एक रुपयाही नको.

५) किंमत चटई क्षेत्रावर, म्हणजे कार्पेटवर, विचारा. वजनकाट्यावर मोळीबरोबर पाचट तोलले तर आपण बोलतो. इथेही जिना आणि गच्ची धरून सांगितलेल्या चौरस फुटांना भुलू नये.

६) भोगवटा प्रमाणपत्र. हे सर्वांत महत्त्वाचे. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत १९८१ ते १९८९ च्या दरम्यान पाच मजल्यांच्या परवानगीवर जास्तीचे मजले चढले, एक इमारत तर वीस मजल्यांवर गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये महापालिकेचीच बाजू उचलून धरली आणि जून २०१४ मध्ये त्या मजल्यांचे वीज-पाणी तोडण्याची कारवाई झाली. घरे घेणारे शिकले-सवरलेले, ऐपतीचे लोक होते. त्यांची ही गत, तर आपली काय? भोगवटा झालेला तयार फ्लॅट घेतला तर हा धोका टळतो आणि जीएसटीही लागत नाही.

७) ताबा लांबला तर गप्प बसू नका. ऊसबिल चौदा दिवसांत मिळाले नाही तर पंधरा टक्के व्याज हा जसा तुमचा हक्क, तसाच इथेही आहे. ठरल्या तारखेला घर मिळाले नाही तर व्याजासह पैसे परत मागता येतात, किंवा घर हवेच असेल तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागता येते. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरनेच दुरुस्त करून द्यायचा असतो.

फ्लॅट म्हणजेही सभासदत्वच

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना लवकर समजेल. फ्लॅटधारकांची जी सोसायटी होते ती आपल्या कारखान्यासारखीच १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली नोंदली जाते. तिथेही शेअर दाखला असतो, वार्षिक सभा असते, एका सभासदाला एक मत असते, ताळेबंद वाचायचा असतो. फरक एवढाच, की जागेचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे होईपर्यंत खालची जमीन मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्याच नावावर राहते. बिल्डर टाळाटाळ करीत असेल तर मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आहे, पण त्यासाठी सभासदांनी एकत्र यावे लागते. जो माणूस फ्लॅट भाड्याने देऊन दोनशे किलोमीटरवर राहतो आणि सभेला कधीच जात नाही, त्याच्या हिताचे तिथे कोण बोलणार? कारखान्याच्या सभेला न येणाऱ्या सभासदाचे जे होते तेच त्याचे होते.

तर मग काय करावे?

मुलाला राहायला घर लागत असेल तर कर्ज मुलाच्या पगारावर काढावे. हप्ता पगारातून जावा, उसातून जाऊ नये. ऊसबिलातून एकरकमी काही मदत करायची तर करा, पण घर मुलाच्या आणि सुनेच्या दोघांच्या नावावर घ्या. आधी एक-दोन वर्षे त्याच भागात भाड्याने राहून बघू द्या. गाडी झेपते का, पाणी पुरते का, नोकरी टिकते का, हे कळेल. भाडे वाया जाते असे म्हणतात, पण चुकीच्या जागी घर अडकण्यापेक्षा ते नक्कीच स्वस्त पडते.

नुसती गुंतवणूक करायची असेल तर आधी आपल्या रानाकडे बघा. एकरी ४० टन निघणाऱ्या रानात पाच टन वाढ ही अशक्य गोष्ट नाही. माती तपासून खत दिले, खात्रीचे बेणे लावले, पाचट न जाळता सरीत आच्छादले, ठिबक बसवले तर ती येते. टनाला २,७०० प्रमाणे पाच टनांचे एकरी साडेतेरा हजार होतात. चार एकरवाल्याचे ५४ हजार झाले. तीस लाखांचा फ्लॅट खर्च वजा जाऊन ४८ हजार देत होता, आठवा. आणि यासाठी वीस वर्षांचा हप्ता नाही. उरलेले पैसे मुलांच्या शिक्षणासाठी आणि आजारपणासाठी ठेवीत ठेवावेत. अडचणीच्या दिवशी ठेव मोडता येते, पण फ्लॅटचे एक स्वयंपाकघर विकता येत नाही.

मुंबईला विरोध म्हणून हे लिहिलेले नाही. तिने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या पोसले आहे आणि आपली मुले तिथे जाणारच आहेत. त्यांना घर मिळावे, चांगले मिळावे. पण आजोबांनी गिरणीत राबून जे रान राखले, ते नातवाने फलकावरचे चित्र बघून घालवू नये, एवढीच कळकळ आहे.

ज्यांचे बुकिंग झालेच आहे त्यांनी घाबरून जाऊ नये. करारनामा, पावत्या आणि महारेराचा क्रमांक एका पाकिटात घालून आधी स्वतःच्या वकिलाला दाखवावा. ज्यांचे व्हायचे आहे त्यांनी या हंगामाचे शेवटचे बिल हातात पडेपर्यंत थांबावे, वरचा हिशेब आपल्या आकड्यांनी वहीत मांडावा आणि घरात सगळ्यांसमोर वाचावा. सर्वांना पटला तर पुढे जावे. वही घेऊन गट ऑफिसात आलात तर आकडेमोडीला मी बसेन.

आपला,
ऊस विकास अधिकारी